सुरक्षित दुचाकी चालन : परवाना, अनुभव आणि वृत्ती

झाशी : श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आणि पोरबंदर ते सिलचर हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २७ झाशी येथे एकत्र येतात. देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन्ही महामार्ग या एका शहराला जोडलेले असल्याने लांब पल्ल्याच्या मालमोटारी, डंपर आणि प्रवासी बस यांची वर्दळ येथे अहोरात्र असते. याच रस्त्यांवरून आसपासच्या गावांतील दूधविक्रेते, विद्यार्थी, कामगार आणि बाजारासाठी निघालेली कुटुंबे दुचाकीने ये-जा करतात. वेगवान जड वाहतूक आणि स्थानिक दुचाकी यांच्या या सहप्रवासात दुचाकीस्वाराचे प्रशिक्षण किती झाले आहे, हा जीवनमरणाचा प्रश्न ठरतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. मृतांपैकी ७४,८९७ जण, म्हणजे सुमारे ४४.५ टक्के, दुचाकीवरील होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. त्यांत ३५,६९२ चालक आणि १४,३३७ सहप्रवासी होते. राज्यनिहाय मृत्यूंमध्ये २२,५९५ या संख्येसह उत्तर प्रदेश प्रथम क्रमांकावर होता.

परवान्याची मर्यादा

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार वाहन चालविण्यासाठी किमान वय १८ वर्षे आहे. केवळ ५० घनसेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाची मोटारसायकल १६ व्या वर्षापासून चालविता येते. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने असते आणि तो मिळाल्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या परवान्यासाठी चाचणी देता येते. या चाचणीत प्रामुख्याने वाहनाचा तोल, वळण, खुणा आणि वाहतूक नियमांची माहिती तपासली जाते. मैदानात पाय न टेकता आठचा आकडा काढणारा उमेदवार मालमोटारीच्या मागून येणारे वाहन ओळखू शकेल किंवा अचानक आडव्या आलेल्या गायीपुढे योग्य ब्रेक लावू शकेल, याची खात्री या चाचणीतून मिळत नाही.

फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाचे मिका हटाक्का, एस्को केस्किनेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालक प्रशिक्षणाची चार स्तरांची मांडणी केली आहे. वाहनावर ताबा, रहदारीतील प्रसंग हाताळणे, प्रवासाचा हेतू व परिस्थिती, आणि चालकाची जीवनदृष्टी व आत्मसंयम, असे हे स्तर आहेत. वरच्या स्तरावरील निर्णय खालच्या स्तरांवरील कौशल्याचा वापर ठरवितात. उशीर झाला म्हणून घाईने निघालेला किंवा मित्रांसमोर वेग दाखवू पाहणारा कुशल चालकही स्वतःला कौशल्याच्या पलीकडील संकटात नेतो.

अनुभव म्हणजे काय?

‘वीस वर्षे गाडी चालवितो आहे’ हे विधान सुरक्षिततेचा पुरावा मानले जाते. मात्र हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष पाहणी करून १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल वेगळे चित्र मांडतो. अपघातग्रस्त चालकांपैकी ९२ टक्के स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. निम्म्याहून अधिक चालकांचा त्या विशिष्ट मोटारसायकलवरील अनुभव पाच महिन्यांपेक्षा कमी होता. मात्र रस्त्यावरील त्यांचा एकूण अनुभव जवळपास तीन वर्षांचा होता. संकटक्षणी अनेकांनी मागचा ब्रेक जास्त आणि पुढचा ब्रेक कमी वापरल्याचेही आढळले.

भारतातही बहुसंख्य तरुण दुचाकी चालविणे वडील, मोठा भाऊ किंवा मित्राकडून शिकतात. त्यांच्याकडून कौशल्याबरोबर चुकीच्या सवयीही उचलल्या जातात. उलट दिशेने चार पावले जाऊनही काही झाले नाही, हा अनुभव पुढच्या वेळी तेच करण्याचे धैर्य देतो. वर्षे वाढतात, पण आपल्या चुकांचा विचार न झाल्यास शहाणपण वाढत नाही.

केवळ प्रशिक्षणाने अपघात टळतात, असाही दावा करता येत नाही. प्रशिक्षणाच्या परिणामांविषयीच्या अभ्यासांचा २०१० मधील कॉक्रेन आढावा ठोस निष्कर्षापर्यंत पोहोचू शकला नाही, कारण उपलब्ध अभ्यासांचा दर्जा अपुरा होता. हेल्मेटच्या बाबतीत मात्र याच संस्थेचा निष्कर्ष स्पष्ट आहे : हेल्मेटमुळे अपघातग्रस्त दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

वेगाचे गणित

धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, असे धरले तर ताशी ४० किलोमीटर वेगाने दुचाकी तेवढ्यात ११ मीटर पुढे जाते. कोरड्या डांबरी रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावल्यास थांबण्यासाठी आणखी सुमारे १० मीटर लागतात. वेग ताशी ८० किलोमीटर असेल तर हीच अंतरे अनुक्रमे २२ आणि ४१ मीटर होतात. म्हणजे वेग दुप्पट झाल्यावर एकूण अंतर २१ मीटरवरून ६३ मीटरवर, तिपटीपर्यंत जाते. ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढते.

ब्रेक लावताना वाहनाचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबविण्याचे बहुतांश काम पुढचा ब्रेक करतो. तो एकदम न आवळता क्रमाने दाब वाढवीत वापरावा लागतो. ही सवय मोकळ्या मैदानात, कमी वेगात, पुन्हा पुन्हा सराव करूनच लागते. एप्रिल २०१८ पासून बाजारात आलेल्या १२५ घनसेंटीमीटरहून मोठ्या नव्या मॉडेलना एबीएस आणि त्याखालील दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्रित लागणारी यंत्रणा अनिवार्य झाली. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. अतिवेगाची भरपाई मात्र ते करू शकत नाही.

बुंदेलखंडातील विशेष धोके

पीक निघाल्यावर गुरे मोकळी सोडण्याची ‘अन्ना प्रथा’ बुंदेलखंडात जुनी आहे. ट्रॅक्टरमुळे बैलांची गरज घटली आणि भाकड जनावरे वर्षभर रस्त्यावर दिसू लागली. रात्री उबदार, कोरड्या डांबरावर बसलेले जनावर समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतात उशिरा दिसते. झाशी परिसरात दगडखाणी व खडी क्रशर असल्याने डंपरमधून सांडलेली खडी, विशेषतः वळणावर, दुचाकीचे चाक घसरवू शकते. डिसेंबर-जानेवारीतील दाट धुके आणि उन्हाळ्यातील तीव्र उष्म्याने येणारा थकवा यांचीही त्यात भर पडते.

अशा ठिकाणी सुरक्षित चालनाचे सूत्र एकच आहे : जेवढे अंतर दिसते, तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग. मालमोटारीच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही दुचाकी दिसत नाही, असे गृहीत धरावे. दुभाजकाच्या फटीतून किंवा सेवा रस्त्यावरून कोणीही अचानक येईल, या अपेक्षेने हात ब्रेकजवळ ठेवावा.

कायदा आणि कुटुंब

कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येक चालक व सहप्रवाशास हेल्मेट बंधनकारक आहे. पगडी परिधान करणाऱ्या शीख व्यक्तींना त्यातून सूट आहे. उल्लंघनासाठी एक हजार रुपये दंड व तीन महिने परवाना निलंबनाची तरतूद आहे. जून २०२१ पासून आयएस ४१५१ मानकाचे आयएसआय चिन्ह असलेलेच दुचाकी हेल्मेट विकता येते. हनुवटीचा पट्टा न बांधलेले हेल्मेट अपघातात डोक्यावरून निसटते. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकासाठी सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. उत्तर प्रदेश सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये महिनाभर ‘हेल्मेट नाही, तर इंधन नाही’ ही मोहीम राज्यभर राबविली.

अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकास किंवा वाहनमालकास कलम १९९ अ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मुलाचे वाहतूक प्रशिक्षण मात्र चावी मिळण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. पाठीमागे बसून तो वडिलांचा वेग, सिग्नलवरील वागणूक आणि हेल्मेट हँडलला अडकविण्याची सवय पाहत असतो. पुढे स्वतः गाडी चालवू लागल्यावर तो त्याचेच अनुकरण करतो.