प्रेमसंबंधातील हिंसा: धोका कशाने वाढतो, कशाने कमी होतो?

प्रेमसंबंधातील हिंसा म्हणजे फक्त मारहाण नव्हे. सतत फोन तपासणे, मित्रमैत्रिणींपासून तोडणे, खासगी फोटो पसरवण्याची धमकी देणे, लैंगिक जबरदस्ती करणे हेही त्यात येते. मुलगी किंवा मुलगा, कोणावरही अशी हिंसा होऊ शकते.

धोका वाढवणारे घटक
- लहानपणी घरात मारहाण पाहिलेली किंवा सोसलेली असणे
- दारू किंवा इतर नशा
- ‘संशय घेतो म्हणजे प्रेम आहे’ असा समज
- नाते घरच्यांपासून लपवावे लागणे. त्यामुळे त्रास झाला तरी कोणाला सांगता येत नाही

हे घटक असले म्हणजे हिंसा होतेच असे नाही. झालीच, तर ती सबब ठरत नाही. जबाबदारी हिंसा करणाऱ्याचीच असते.

संरक्षण देणारे घटक
- मोकळेपणाने बोलता येईल अशी घरातील किंवा शाळा-कॉलेजमधील मोठी व्यक्ती
- नात्याबाहेरची मैत्री, छंद, अभ्यास
- ‘नाही’ म्हणण्याची आणि ऐकण्याची सवय

पालकांनो, मुलांनी सांगितले तर आधी ऐकून घ्या. रागाने कॉलेज किंवा फोन बंद केलात, तर पुढच्या वेळी ती तुमच्याकडे येणार नाहीत.

तातडीची मदत केव्हा घ्यावी?
गळा दाबला गेला असल्यास, बाहेर खूण दिसत नसली तरी लगेच डॉक्टरांना दाखवा. नाते तोडताना धोका वाढू शकतो; ‘शेवटचे भेटू’ म्हटले तरी एकट्याने जाऊ नका. तातडीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी १०९८ वर फोन करा.