स्मृतिभ्रंश आणि मृत्युपत्र-व्यवस्थापकाची क्षमता

मृत्युपत्रातील इच्छा आपल्या पश्चात अमलात आणण्यासाठी मृत्युपत्रकर्त्याने नेमलेली व्यक्ती म्हणजे मृत्युपत्र-व्यवस्थापक; व्यवहारात ‘एक्झिक्युटर’. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला हे काम करता येते का, हा प्रश्न भारतात मुख्यतः भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार सोडवला जातो.

कामाचे स्वरूप : मयताची देणी फेडणे, येणी वसूल करणे, बँकखाती, शेअर व घर यांची व्यवस्था लावणे आणि उरलेली मालमत्ता लाभार्थींना सोपवणे ही एक्झिक्युटरची कामे. प्रोबेट (मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता) मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब न्यायालयात सादर करावा लागतो. गैरवापरामुळे मालमत्तेचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई एक्झिक्युटरला स्वतः करावी लागते.

आजाराचा परिणाम : स्मृतिभ्रंशात स्मरणशक्तीबरोबर हिशेब, नियोजन आणि सारासार विचारही ढासळतो. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. सुरुवातीच्या काळात रुग्ण जुन्या आठवणी नीट सांगतो, सहीही पूर्वीसारखी करतो. मात्र चुकते केलेले बिल पुन्हा भरतो किंवा मयताच्या खात्यातील रक्कम स्वतःची समजतो. म्हणून गप्पांवरून वा सहीवरून क्षमतेचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे.

कायद्यातील तरतुदी : कलम २२३ नुसार अज्ञान (अल्पवयीन) किंवा विकल मनाच्या व्यक्तीला प्रोबेट देता येत नाही. मृत्युपत्र वीस वर्षांपूर्वीचे असले, तरी एक्झिक्युटरची क्षमता प्रोबेट देतानाची पाहिली जाते. एकमेव एक्झिक्युटर मनोविकल असेल, तर कलम २४६ अन्वये तो बरा होईपर्यंत दुसऱ्या योग्य व्यक्तीला लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन (मालमत्तेच्या व्यवस्थापनाचे न्यायालयीन अधिकारपत्र) दिली जातात. प्रोबेटनंतर मनोविकलता आल्यास कलम २६३ खाली प्रोबेट रद्द होऊ शकते. कलम ३०१ अन्वये उच्च न्यायालय एक्झिक्युटरला दूर करून दुसरा नेमू शकते. एक्झिक्युटर अक्षम ठरल्याने मृत्युपत्र मात्र बाद होत नाही.

निदान आणि अक्षमता : ही दोन एक नव्हेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ नुसार केवळ मानसिक आजाराच्या निदानावरून कोणी विकल मनाचा ठरत नाही. तसे सक्षम न्यायालयाने घोषित करावे लागते. हे संरक्षण मोलाचे आहे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार किंवा नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि उपचारांनी ते सुधारू शकते. त्यामुळे निव्वळ स्मरणचाचणीचे गुण पुरेसे नसतात. समोरचे काम व्यक्तीला समजते का, निर्णयाचे परिणाम तिला तोलता येतात का, हे पाहावे लागते.

खबरदारी : आजारी एक्झिक्युटरचे कुलमुखत्यारपत्र हा यावर तोडगा नाही, कारण भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार ते देणारा मनोविकल झाल्यास मुखत्यारी संपते. आजाराची चाहूल लागलेल्या एक्झिक्युटरने प्रोबेट घेण्यापूर्वी, समज शाबूत असतानाच, लेखी नकार द्यावा. उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २३० मध्ये तशी सोय आहे. वृद्ध जोडीदाराला किंवा समवयस्क मित्राला एकमेव एक्झिक्युटर नेमणाऱ्याने मृत्युपत्रात वयाने लहान असा पर्यायी एक्झिक्युटरही अवश्य नेमावा.