माडावरील श्रम आणि मालवण किनाऱ्यावरील माडी-व्यवसाय

कोकणातील माडी-व्यवसायाचा विचार बहुधा अबकारी उत्पन्नाच्या अथवा मद्यपाननिषेधाच्या अंगाने झालेला आहे. हा व्यवसाय मुळात उंचीवरचा होय, ही गोष्ट त्यामुळे मागे पडली. मालवण, वेंगुर्ले या भागांत भंडारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या चालविलेल्या या धंद्यात माडी व गूळ हे पदार्थ हाती येत; गोव्यात त्याच रसाचा शिर्का होई आणि पाव फुगविण्यासही तो वापरीत. गार्सिया द ऑर्ता याने गोव्यात इ. स. १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथात ‘सुरा’ या नावाने त्याची नोंद केली आहे.

बाणवली जातीचा माड वीस मीटरांपर्यंत वाढतो. पोय उमलण्यापूर्वी ती बांधावयाची, हलके ठोकावयाची, टोक कापून मडके अडकवावयाचे आणि पुढे दररोज दोनतीन वेळा ताजा छेद द्यावयाचा, असा हा क्रम. एका माणसाकडे दहा माड असले तरी दिवसाची चढउतार वीस-तीसवर जाते. नारळ पाडणाऱ्यास त्याच माडावर दोनतीन महिन्यांनी एकदा चढावे लागते. त्याला पायांत अडकविलेली काथ्याची दोरी पुरते. रोज चढणाऱ्यास मात्र खोडात खाचा पाडणे सोयीचे ठरे. या खाचा माणसाला आधार देत. पण त्यांत पाणी साचे, खोड कुजे आणि सोंड्या भुंग्याला वाट मिळे. थोडक्यात, चढणाऱ्याची सुरक्षितता झाडाच्या आयुष्यातून वजा होत असे. पावसाळ्यात शेवाळलेल्या खोडावर तर खाचांचाही भरवसा नसे. श्रीलंकेत शेजारशेजारच्या माडांचे शेंडे काथ्याच्या दोरांनी जोडून वरच्यावर फिरण्याची पद्धत रूढ झाली. तीत चढउतार वाचते. तोल गेल्यास धोका मात्र तितकाच.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर चार्लस प्रिचर्ड याच्या कारकीर्दीत झाडावरील कर वाढला. कर झाडागणिक ठरला, म्हणजे रस कमी आला तरी देणे तेवढेच. अशा स्थितीत कर भरलेला माड ओल्या दिवसांत सोडून देणे गरीब भंडाऱ्यास परवडले नसावे, हा तर्क अवास्तव नाही. सरकारच्या हिशेबात झाड हे एकक होते; त्यावर चढणारा माणूस नव्हता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत ताडमाडांचा रस काढणाऱ्यांचा समावेश झाला खरा, परंतु तो कायदा मालक व नोकर या नात्यावर उभा होता. स्वतः माड खंडाने घेऊन स्वतःच चढणाऱ्यास मालक कोण? तो पडला तर दावा लावावयाचा तो कोणावर?

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने माडीचा धंदा मोडला. चुन्याने आतून माखलेल्या मडक्यातील नीरेस परवान्याने वाव होता, पण तेवढ्यावर पूर्वीचा व्याप टिकणे शक्य नव्हते. धंदा गेला तशी चढण्याची विद्याही विरळ होत गेली, आणि नारळ पाडावयासही माणूस मिळेना.

या टंचाईवर उपाय म्हणून नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये ‘नारळवृक्षमित्र’ प्रशिक्षण सुरू केले. चढण्याचे यंत्र व अपघातविमा ही त्याची दोन अंगे होत. चढणाऱ्याच्या देहाची किंमत योजनेच्या कलमात आली; तीही नारळ पाडणाऱ्यासाठी, माडी काढणाऱ्यासाठी नव्हे. यंत्र प्रत्येक खोडाला नव्याने बसवावे आणि सोडवावे लागते. दोनतीन महिन्यांच्या फेरीस ते सोयीचे आहे. दिवसातून तीनदा दहा माड चढणाऱ्याचा वेळ मात्र ते बसविण्यातच संपेल.