पत कोणाची, माणसाची की कागदाची?

आमच्या जुन्नर-आंबेगावकडे सोयरीक बघताना "घराला मान आहे" आणि "घराची पत आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत बरं का. मान वारशानं येतो. पाटलाचा होळी-पोळ्याचा मान वतनातून आला. 1963 च्या जानेवारीत मुलकी पाटलाचं वतन कायद्यानं गेलं, तरी मान बऱ्याच गावांत रेंगाळला. पत मात्र दुसऱ्यांनी द्यायची असते. ती गेली की उधारीही बंद आणि चारचौघांत बसणंही.

ही गोष्ट जुनी आहे. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका ब्राह्मी लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम ठेवल्याची नोंद आहे. म्हणजे सुमारे 1,800-2,000 वर्षांपूर्वी इथल्या कारागिरांची पत एवढी होती, की धर्मादायाचा पैसा त्यांच्याकडे निर्धास्त ठेवावा!

इंग्रजी अमलात गणित फिरलं. रयतवारीत जमीन गहाण टाकणं, विकणं सोपं झालं आणि मदतीला कोर्ट आलं. सावकाराला माणूस पारखायची गरजच उरली नाही. खतावर अंगठा पुरे. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस महागला तेव्हा कर्जं सढळ हातानं वाटली गेली, भाव पडल्यावर हात आखडले. 12 मे 1875 ला सुप्यात भडका उडाला आणि तो पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा राग मुख्यतः खतांवर होता: ती हिसकावली, जाळली. 1879 साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला.

पुढे 1904 च्या सहकारी पतपेढी कायद्यानं माणूस परत हिशेबात आणला. गावच्या पेढीत सभासदांची जबाबदारी अमर्यादित असे. एकानं बुडवलं तर बाकीच्यांच्या अंगावर यायचं. साहजिकच कोण कसा आहे, हे शेजाऱ्याला माहीत असणं भाग होतं. 'पत' हा शब्द पेढीच्या नावात उगाच नाही.

आता पत म्हणजे सिबिलचा 300 ते 900 मधला आकडा. आकड्याला जात कळत नाही, हा त्याचा मोठा गुण. जुनी पत जात बघूनही ठरायची, हे विसरून चालणार नाही. पण पाऊस दगा देऊन हप्ता थकला की मुद्दाम बुडवला, हेही आकड्याला कळत नाही.

असो. आमच्याकडे पतसंस्थेत कर्ज मागायला गेलं की अजूनही विचारतात, "जामीन कोण राहणार?" जुनी पत त्या एका प्रश्नात शिल्लक आहे.