जड गोळी सरळ का जाते?

दिवाळी अंकासाठी बंदुकीच्या गोळीवर लिहितोय म्हटल्यावर आमच्या घरातच भुवया उंचावल्या. "चकलीच्या कृतीशेजारी छापणार का हे?" असा थेट सवाल आला. मंडळी, मला बंदुकीचं वेड नाही. माझा धंदा सॉफ्टवेअरचा, आणि त्यातला बराच वेळ जातो तो दुसऱ्याने "चालतंय" म्हणून सांगितलेलं खरंच चालतंय का, हे तपासण्यात. त्यामुळे ऑफिसातले शिकारी सहकारी जेवणाच्या सुट्टीत 'हार्ड कास्ट' गोळ्यांवरून हमरीतुमरीवर आले, की माझे कान टवकारतात.

हार्ड कास्ट म्हणजे शिशात कथील आणि अँटिमनी मिसळून साच्यात ओतलेली कडक गोळी. अलास्कात अस्वलांच्या मुलखात फिरणारे लोक रिव्हॉल्व्हरमध्ये अशा जड गोळ्या भरतात, कारण त्या हाडावर आपटून सहसा चपट्या होत नाहीत, सरळ आत घुसतात. पण त्याआधी त्या हवेतून सरळ जायला हव्यात! जातात की नाही हे ठरवायचं कसं, या प्रश्नाला पावणेतीनशेहून जास्त वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचे दोन धागे थेट आपल्या देशात पोचतात.

सुरुवात बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितीपासून करू. 1742 साली त्याने 'न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी' हे पुस्तक काढलं. तोवर गोळीचा वेग हा अंदाजपंचे मामला होता. रॉबिन्सने एक जड लोलक टांगला, त्याच्यावर गोळी झाडली आणि तो किती मागे झुलला ते मोजलं. गोळीचं वजन माहीत, लोलकाचं माहीत. उरलेलं आपल्या बारावीच्या फिजिक्सचं गणित! पुस्तकाचं महत्त्व एवढं, की तीनच वर्षांत खुद्द ऑयलरने त्याचं जर्मन भाषांतर केलं, आणि त्याच्या टिपा मूळ पुस्तकापेक्षा लांब झाल्या.

मला मात्र त्याचा दुसरा प्रयोग जास्त आवडतो. गोल गोळी एकदा डावीकडे तर एकदा उजवीकडे का भरकटते? रॉबिन्सचं म्हणणं, ती नळीच्या एका बाजूला घासते, त्यामुळे कशीही गरगरते, आणि गरगरणाऱ्या गोळीला हवा एका बाजूला ढकलते. लोकांचा विश्वास बसेना. मग त्याने बंदुकीची नळी चक्क डावीकडे वाकवली आणि गोळीच्या वाटेत पातळ कागदाचे पडदे लावले. गोळी आधी डावीकडे निघाली आणि नंतर वळून उजवीकडे गेली! पडद्यांवरची भोकं बघा आणि बोला. क्रिकेटवाल्यांना हा प्रकार स्पिनरच्या 'ड्रिफ्ट'वरून ओळखीचा वाटेल. उपायही त्यानेच सांगितला : नळीत आतून पिळदार खाचा पाडा, म्हणजे गोळी भोवऱ्यासारखी आपल्या दिशेच्या आसाभोवती फिरेल आणि भरकटणार नाही. ईस्ट इंडिया कंपनीने पुढे त्याला किल्ल्यांच्या कामासाठी मद्रासकडे पाठवलं, आणि 1751 साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तो वारला.

दुसरा धागा 1857 चा. एन्फिल्ड रायफलची गोळी मऊ शिशाची होती. स्फोटाच्या दाबाने ती फुगून खाचांत बसायची. दारूच्या काजळीने नळी चोंदू नये, गोळी सहज आत जावी म्हणून काडतुसाला चरबी लावायची. त्या चरबीने काय पेटवलं ते आपण शाळेत शिकलो. ती लावत का होते, हे मात्र निदान माझ्या पुस्तकात नव्हतं. आजच्या हार्ड कास्ट गोळीवरही गोल खोबणी असते आणि तिच्यात मेण किंवा ग्रीस भरलेलं असतं.

पीळ किती हवा याचा सोपा हिशेब वुलिचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या ग्रीनहिल यांनी 1879 मध्ये दिला. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, 150 ने गुणा, गोळीच्या लांबीने भागा. उत्तर येईल तेवढ्या इंचांत गोळीची निदान एक गिरकी पूर्ण व्हायला हवी. गंमत बघा, या सूत्रात वजन कुठेच नाही! शिशाच्याच गोळीत प्रश्न जडपणाचा नाही, लांबीचा आहे.

आता येऊ या एल्मर कीथकडे (1899–1984). आयडाहोचा हा गुरं राखणारा, शिकाऱ्यांना वाट दाखवणारा रांगडा गडी. 1925 मध्ये जोरदार भरलेल्या काडतुसाने त्याचं .45 चं रिव्हॉल्व्हर हातातच फुटलं. मग तो .44 स्पेशलकडे वळला, कारण भोक थोडं लहान म्हणून सिलिंडरच्या भिंती जाड. त्यासाठी त्याने 250 ग्रेनची, सपाट नाकाची गोळी आखली. मिश्रण सोळा भाग शिसं, एक भाग कथील. तीस वर्षं तो मासिकांतून कंपन्यांच्या मागे लागला होता, तेव्हा कुठे 1955-56 च्या सुमारास स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टनने .44 मॅग्नम बाजारात आणलं.

पुढे लोकांना आणखी जड गोळी हवी झाली : 300 ग्रेन, म्हणजे पावणेदोन तोळ्यांना किंचित कमी. .44 च्या गोळीचा व्यास 0.429 इंच. 240 ग्रेनच्या गोळीची लांबी साधारण 0.7 इंच धरली तर ग्रीनहिलचं उत्तर 39 येतं. 300 ग्रेनवाली 0.8 इंच धरली तर 34. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरचा पीळ 20 इंचांत एक फेरा, म्हणजे दोन्ही गोळ्या आरामात. पण हेच काडतूस घेणाऱ्या जुन्या मार्लिन रायफलींत पीळ 38 इंचांचा. हलकी गोळी जेमतेम पास, जड नापास! कागदावरचं हे गणित अनुभवालाही धरून आहे. त्या रायफलींत लांब गोळ्या नीट चालत नाहीत ही जुनी तक्रार आहे.

"जितकी कडक तितकी चांगली" हाही एक लाडका समज. वर्तमानपत्रांच्या लायनोटाइप यंत्रांचा धातू, म्हणजे सुमारे 84 टक्के शिसं, 12 अँटिमनी, 4 कथील, गोळ्या ओतणाऱ्यांचा फार आवडता. न्यूयॉर्क टाइम्सने 2 जुलै 1978 च्या अंकानंतर ही यंत्रं बंद केली. गावोगावचे छापखानेही तीच वाट चालत होते, आणि भंगारातलं शिसं या मंडळींच्या कढईत जात होतं. (आपल्याकडचे छापखान्यातले खिळेही याच जातीच्या मिश्रधातूचे.) पण दाब कमी असेल तर फार कडक गोळी फुगतच नाही. बाजूच्या फटीतून गरम वायू सुटतो, गोळीची कड वितळवतो आणि शिसं नळीला चिकटतं. मऊ गोळी फार वेगाने सोडली तरी शेवट तोच. गोळीचा व्यास नळीला नेमका बसणं हे कडकपणापेक्षा महत्त्वाचं.

चाचणी करायची तर पिस्तूल शिकंज्यात पकडतात, म्हणजे माणसाचा हात हिशेबातून जातो. एकाच घाण्यातल्या, वजन करून निवडलेल्या गोळ्या घेतात. पाच गोळ्यांचा एकच सुंदर पुंजका दाखवून फुशारकी मारणारे भेटतात. टेस्टिंगवाल्याला विचाराल तर पाच म्हणजे काहीच नाही, असे चार-पाच पुंजके हवेत. आणि अंतर बदलून बघायला हवं. 25 यार्डांवर शहाण्यासारखी वागणारी गोळी 100 यार्डांवर डुलू शकते. कागदावरचं भोक गोल असेल तर ती नाकासमोर आली. लांबट, कुलपाच्या भोकासारखं असेल तर आडवी आली, आणि मग पुंजका कितीही छोटा असो, तो कागद बाजूला काढून दुसरी गोळी घ्यायची.