सीतेची आसवं

सीतेची आसवं : (युट्रिक्युलॅरिया पर्प्युरासेन्स; कुल-लेंटिब्युलॅरिएसी). भारतात आढळणारी लहान, वर्षायू, कीटकभक्षी ओषधी. सह्याद्रीतील जांभ्याच्या सड्यांवर, विशेषतः सातारा जिल्ह्यातील कास पठारावर, पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिच्या निळसर जांभळ्या फुलांचे ताटवे पसरतात. ताटवा देखणा खराच. पण या वनस्पतीचे खरे नवल जमिनीखाली आहे. सड्यावरची माती पातळ, पाणथळ, नायट्रोजनाला पारखी. ती उणीव शिकारीने भरून निघते. तिला खरी मुळे नसतात; मातीतील तंतूंवर सूक्ष्म पिशव्या असतात. पिशवीतील पाणी बाहेर टाकले गेल्याने आतला दाब घटतो. एखाद्या सूक्ष्मजीवाचा तोंडाजवळच्या केसांना स्पर्श होताच झडप आत उघडते आणि तो पाण्यासह क्षणार्धात आत ओढला जातो. जागतिक वारसास्थळांत २०१२ साली समाविष्ट झालेल्या या पठारावर पर्यटकांनी पायवाट सोडू नये. त्या पिशव्या पायाखालच्याच मातीत असतात.