निमखारे पाणी

निमखारे पाणी म्हणजे गोड्या पाण्यापेक्षा अधिक, पण समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी क्षार असलेले पाणी होय. इंग्रजीतील ‘ब्रॅकिश’ या विशेषणासाठी मराठीत ही पारिभाषिक संज्ञा रूढ झाली आहे. बोलीत अशा पाण्याला मचूळ, खारवट किंवा नुसते खारे पाणी म्हणतात. नदी समुद्राला मिळते त्या खाड्यांमध्ये, किनाऱ्यालगतच्या सरोवरांत, समुद्राजवळच्या विहिरींत आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या काही प्रदेशांच्या भूजलातही ते आढळते.

शब्दविचार

‘ब्रॅकिश’ हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आढळतो. त्याचे मूळ डच आणि उत्तर जर्मन बोलींतील ‘ब्रॅक’, म्हणजे खारट, या शब्दात आहे. जर्मन भाषेत आजही अशा पाण्याला ‘ब्राकवासर’ म्हणतात. समुद्र अडवून जमीन मिळवणाऱ्या सखल मुलुखात हा शब्द घडावा, हे स्वाभाविकच होय. त्याला जोडलेला ‘इश’ हा प्रत्यय ‘थोडासा, जवळपास’ असा अर्थ देतो. मराठीत तेच काम ‘निम’ हा फारसीतून आलेला पूर्वपद करतो. निमसरकारी, निमशहरी या शब्दांतील ‘निम’ तोच. ‘खारे’ हे संस्कृत ‘क्षार’ या शब्दापासून आले. फारसी पूर्वपद आणि संस्कृतोद्भव उत्तरपद यांचा हा संकर कानाला मुळीच खटकत नाही. परिभाषा तयार करताना प्रत्येक वेळी संस्कृत धातूकडे धाव घ्यावी लागत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

इंग्रजी शब्दाला ‘बेचव, नकोसे’ अशी दुसरी छटाही आहे. ती ‘निमखारे’ या शब्दात नाही. ‘मचूळ’ या शब्दात आहे. पाणी मचूळ लागते, असे आपण म्हणतो तेव्हा ते किंचित खारट आहे एवढेच सांगत नाही, तर ते पिववत नाही असेही सांगतो. म्हणून मत्स्यशास्त्र, भूगोल किंवा जलविज्ञान यांविषयी लिहिताना ‘निमखारे’ आणि विहिरीच्या पाण्याची चव सांगताना ‘मचूळ’ असा भेद पाळणे इष्ट ठरते. वृत्तपत्रीय भाषांतरांत दोहोंऐवजी सरसकट ‘खारे पाणी’ लिहिलेले आढळते. त्यामुळे समुद्राचे पाणी आणि निमखारे पाणी यांतील फरक पुसला जातो; तो टाळावा.

आणखी एक घोटाळा ‘जड पाणी’ या शब्दामुळे होतो. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ लवकर शिजत नाही, ते जड पाणी. ते गुण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे येतात. जड पाणी चवीला खारट असेलच असे नाही. निमखाऱ्या पाण्याची खारट चव मुख्यतः सोडियम आणि क्लोराइड यांची असते. एकाच विहिरीचे पाणी अर्थात जडही असू शकते आणि मचूळही.

किती खारे म्हणजे निमखारे?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. शास्त्रीय लेखनात ही क्षारता ‘दर हजारी ३५ भाग’ अशी मांडतात. १९५८ साली व्हेनिस येथे झालेल्या परिसंवादात निमखाऱ्या पाण्याची वर्गवारी ठरली. तिच्यानुसार ०.५ भागांपर्यंतचे पाणी गोडे, ०.५ ते ३० भागांपर्यंतचे निमखारे आणि त्यापुढचे समुद्राचे मानले जाते. निमखाऱ्या पाण्याचेही ५ आणि १८ या आकड्यांवर तीन पोटविभाग पाडलेले आहेत. या मापाने बाल्टिक समुद्राचा बहुतेक भाग निमखारा ठरतो. त्याच्या मध्यभागी पृष्ठजलाची क्षारता ७ ते ८ भागच आहे. कास्पियन समुद्राची क्षारता सुमारे १३ भाग, म्हणजे महासागराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आहे. ‘समुद्र’ हे नाव आणि समुद्राचे पाणी यांची सांगड नेहमी बसतेच असे नाही.

ही पट्टी जलचरांच्या अधिवासासाठी तयार केलेली आहे. माणसाच्या घशासाठी नाही. ही गोष्ट ध्यानात न घेतल्यास आकड्यांचा विपरीत अर्थ लावला जातो. पिण्याच्या पाण्याचे माप मिलिग्रॅममध्ये मोजतात. एक लिटर पाण्यात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांना, ज्यांना व्यवहारात टीडीएस म्हणतात, भारतीय मानक ब्यूरोने ५०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा ठरवली आहे. दुसरा स्रोत उपलब्धच नसेल तर २,००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. क्लोराइडसाठी हेच आकडे अनुक्रमे २५० आणि १,००० मिलिग्रॅम आहेत. लिटरला पाव ग्रॅम क्लोराइड झाले की बहुतेकांच्या जिभेला खारटपणा जाणवू लागतो.

आता लिटरला ३ ग्रॅम क्षार असलेले पाणी घेऊ. व्हेनिसच्या पट्टीवर ते निमखाऱ्याच्या सर्वांत खालच्या, म्हणजे जवळजवळ गोड्या गटात बसते. पिण्याच्या मानकानुसार मात्र ते शेवटच्या मर्यादेच्याही दीडपट आहे. उन्हाळ्यात कष्टकरी माणूस दिवसाला ३ लिटर पाणी सहज पितो. म्हणजे पाण्यातूनच ९ ग्रॅम क्षार पोटात जातात. हे सर्व क्षार म्हणजे मीठ नव्हे, हे खरे. तरी जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सुचवले आहे, हे येथे लक्षात घ्यावे. रक्तदाबाच्या रुग्णाने जेवणातले मीठ कमी केले, तरी हंड्यातले कमी होत नाही.

किनारा, खाडी आणि खार

खाडीच्या पाण्याची क्षारता स्थिर नसते. दिवसातून दोनदा भरती समुद्राचे पाणी आत ढकलते. पावसाळ्यात नदीला पूर आला की तीच खाडी मुखापर्यंत गोडी होते, आणि वैशाखात खारटपणा कित्येक मैल आत चढतो. खारे पाणी जड असल्यामुळे ते पुष्कळदा तळाने आत शिरते आणि गोडे पाणी वरून वाहते. या चढउतारात तगून राहणारे जीव थोडे. पण जे तगतात ते विपुल वाढतात. तिवरांची वने, कालवे, चिंबोऱ्या, बोय, जिताडा ही सर्व याच पाण्याची देणगी. जिताडा अंडी घालण्यासाठी समुद्राकडे जातो आणि त्याची पिल्ले खाडीत वाढतात. मोठ्या कोळंबीचे बाल्यही खाडीतच जाते. या पाण्यातील मत्स्यशेतीच्या संशोधनासाठी चेन्नई येथे १९८७ पासून केंद्रीय संस्था कार्यरत आहे.

खाडीकाठच्या शेतकऱ्याला मात्र हेच पाणी शेतात नको असते. कोकणात भरतीचे पाणी अडवण्यासाठी बांध घालून मिळवलेल्या जमिनीला खार म्हणतात, आणि बांधातील पाणी सोडण्याच्या दाराला उघाडी. गोव्यात अशा जमिनीला खाजन आणि दाराला मानस असे नाव आहे. भरती चढू लागली की पाण्याच्याच दाबाने मानशीची झडप बंद होते आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर जाते. पावसाच्या पाण्याने माती धुऊन निघाल्यावर तेथे क्षार सोसणारे भात पिकते. बांध फुटला आणि वेळेवर दुरुस्त झाला नाही, तर आत शिरलेल्या मिठामुळे पुढची काही वर्षे पीक घटते. म्हणूनच बांधाची देखभाल हे एका घराचे नव्हे, तर गावकीचे काम मानले गेले.

किनाऱ्यावरील विहीर उन्हाळ्यात मचूळ होते, त्याचे कारण भूगर्भात आहे. गोडे पाणी हलके असल्याने ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीपासून गोड्या पाण्याची पातळी जेवढी वर, त्याच्या सुमारे चाळीसपट खोलीवर खाऱ्या पाण्याची सीमा असते, असे गणित आहे. यातील धोका उलट दिशेने वाचल्यावर कळतो: पंप लावून गोड्या पाण्याची पातळी एक मीटरने कायमची उतरवली, तर तत्त्वतः खारी सीमा चाळीस मीटर वर सरकते. एकदा खारावलेली विहीर एका पावसाळ्यात पूर्ववत होतेच असे नाही.

खारपाणपट्टा

विदर्भात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या प्रदेशाला खारपाणपट्टा म्हणतात. येथे समुद्राचा संबंध नाही. नदीखोऱ्यातील गाळाच्या जाड थरांत क्षार साठलेले आहेत आणि निचरा अतिशय मंद आहे. विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते पिण्यालाही चालत नाही आणि पिकालाही. सोडियममुळे काळी चिकण माती फुगते, तिच्यातून पाणी मुरत नाही. ओलितासाठी हेच पाणी वापरत गेल्यास जमीन आणखी बिघडते. त्यामुळे पायाखाली पाणी असूनही येथील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून राहिली. शेततळ्यात साठवलेले पावसाचे पाणी हा येथला भरवशाचा आधार आहे. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी या भागातून दीर्घकाळ येत आहेत.

गोडे करण्याचे उपाय

उकळल्याने किंवा गाळल्याने पाण्यातील क्षार जात नाहीत. उकळल्यास पाणी आटून क्षारांचे प्रमाण उलट वाढते. तुरटी आणि क्लोरीन यांचाही येथे उपयोग नाही. ऊर्ध्वपातनाने क्षार वेगळे होतात, पण त्याला इंधन फार लागते. सध्या प्रचारात असलेली पद्धत व्युत्क्रमी परासरणाची, म्हणजे आर.ओ.ची आहे. निमखाऱ्या पाण्याला समुद्राच्या पाण्यापेक्षा बराच कमी दाब पुरत असल्याने वीजही कमी लागते. मात्र यंत्रात शिरलेल्या पाण्यातील क्षार नाहीसे होत नाहीत. ते उरलेल्या पाण्यात एकवटतात. किनाऱ्यावर ते समुद्रात सोडता येते. खारपाणपट्ट्यासारख्या ठिकाणी ते गावच्या नालीतून पुन्हा त्याच जमिनीत मुरते.